अजून ओलं आहे

तळ्याच्या काठावर एक वाकडं झाड होतं. त्याची सावली जिथे पाण्यात पडायची तिथलं पाणी काळं दिसायचं नाही, जाड बाटलीच्या काचेसारखं गडद हिरवं दिसायचं. त्या हिरव्याला लागून आभाळाच्या प्रतिबिंबाचा एक फिकट पट्टा. दोन्ही रंग एकमेकांना भेटायचे तिथे रेघ नव्हती. पाणी जरासं हललं की हिरवा फिकटात शिरायचा आणि परत मागे यायचा. मला तेवढी कड हवी होती. उरलेल्या चित्राशी माझं फारसं देणंघेणं नव्हतं.

ॲक्रिलिकचा हिरवा तयार केला, लावला. मग पांढऱ्यात निळा घातला. निळा जास्त झाला म्हणून आणखी पांढरा, मग तो अगदीच थंड वाटला म्हणून कणभर यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. या घोळात चार-पाच मिनिटं गेली असतील. ब्रश घेऊन कडेशी पोचले तर हिरवा वाळून बसलेला. त्याच्याशेजारी फिकट रंग लावला तो चिकटपट्टी लावून रंगवल्यासारखा, सरळ, धारदार. पाणी कुठलं, फरशीच वाटत होती.

पॅलेटवर तर त्याहून वाईट. टायटॅनियम व्हाइटच्या गोळ्यावर साय धरलेली. ब्रशचं टोक लागलं की ती सुरकुतायची, फाटायची आणि तिच्या चिंध्या रंगाबरोबर कॅनव्हासवर येऊन बसायच्या. त्या नखाने उचलायला जावं तर खालचा थरही सोलून यायचा. मधला चपटा ब्रश मी मांडीवरच्या फडक्यावर ठेवला होता, पाण्यात घालायचा राहिला. अर्ध्या तासाने त्याच्या केसांचा चमचा झाला होता. तो आजही माझ्याकडे आहे. डब्यांची झाकणं उचकटायला फार चांगला.

घरात हेच रंग मी काही वर्षं वापरत होते आणि त्यांचं लवकर वाळणं मला आवडायचंही. एक थर झाला, चहा प्यायला उठावं, परत येईपर्यंत दुसऱ्या थराला जागा तयार. खालचा रंग वर येत नाही, वरचा खाली मुरत नाही. उघड्यावर आल्यावर तोच गुण अंगावर आला.

ॲक्रिलिक नेमकं वाळतं कसं, हे मी त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट समजून घेतलं. ट्यूबमधला रंग म्हणजे रंगद्रव्याची पूड, पाणी आणि त्या पाण्यात विखुरलेले ॲक्रिलिकचे अतिसूक्ष्म गोळे. दुधात स्निग्धांश विखुरलेला असतो, साधारण तसं. पाणी उडायला लागलं की हे गोळे जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि शेवटी एकजीव होऊन सलग पापुद्रा तयार होतो. एकदा हा पापुद्रा झाला की वर बादलीभर पाणी ओता, परत रंग होत नाही. जलरंगाचं तसं नाही. तो डिंकात बांधलेला, वर्षभराने ओला ब्रश फिरवला तरी जागा होतो. तैलरंगाचं तिसरंच. त्यातलं जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून त्याला दिवस लागतात. ॲक्रिलिकचा सगळा खेळ पाण्याचा आहे. पाणी गेलं की संपलं.

ते दुधासारखं असण्याची आणखी एक गंमत आहे. ओलं असताना ते माध्यम पांढुरकं असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. म्हणून ॲक्रिलिक वाळताना थोडं गडद होतं. घरात हे सवयीने सांभाळलं जातं. बाहेर, भर उजेडात, ओला फिकट रंग अगदी बरोबर जमल्यासारखा वाटतो आणि घरी येऊन पाहावं तर आभाळ एक पायरी खाली उतरलेलं. याला थंडीचंही एक टोक आहे. ते गोळे एकजीव व्हायला थोडी ऊब लागते; साधारण ९ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की पाणी उडून जातं, पण पापुद्रा नीट धरत नाही, थर कमकुवत राहतो. कडाक्याच्या पहाटे चित्र काढण्याचं माझं रम्य स्वप्न त्या एका आकड्याने मोडलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

उन्हामुळे रंग वाळतो असं मी धरून चालले होते. म्हणून छत्री घेतली, सावलीत बसले, तरी तीच रड. मग एका दुपारी घरीच तीन बशा मांडल्या. तिन्हींत सारखाच, बोटाच्या पेराएवढा रंग. एक बशी उन्हात पण आडोशाला, दुसरी सावलीत पण पंख्यासमोर, तिसरी सावलीत आणि निवांत. सगळ्यात आधी साय धरली ती पंख्यासमोरच्या बशीवर. नंतर लक्षात आलं की यात नवल काहीच नाही, दोरीवरचे कपडे हेच रोज सांगतात. ओल्या रंगाच्या अगदी वर दमट हवेचा एक पातळ थर बसून असतो, तो बसून राहिला तर पाणी सावकाश उडतं. वारा तो थर सारखा उचलून नेतो. तेव्हापासून मी जागा निवडताना आधी वारा कुठून येतो ते बघते, दृश्य नंतर. पाठीशी भिंत किंवा झुडूप मिळालं तर थोडं कमी सुंदर दृश्यही चालवून घेते.

छत्री मात्र सोडली नाही. तिचं काम वाळण्यापेक्षा डोळ्यांसाठी जास्त आहे. कॅनव्हासवर थेट ऊन पडलं की सगळेच रंग उजळ दिसतात, मग आपण नकळत ते दाबत जातो आणि घरात आणल्यावर चित्र संध्याकाळचं वाटतं. छत्री पांढरी, करडी किंवा काळी असावी. लाल छत्रीखाली मी एकदा संपूर्ण सकाळ काढली आहे. त्या दिवशीचं गवत पुढे कुणालाही दाखवलं नाही.

यानंतर माझ्या आयुष्यात रिटार्डर आला. ही एक पारदर्शक, घट्टसर द्रवाची बाटली असते. त्यातले घटक, बहुधा ग्लायकॉलच्या जातीचे, पाणी धरून ठेवतात आणि ते उडणं लांबवतात. बाटलीवर स्पष्ट लिहिलं होतं की रंगाच्या प्रमाणात इतकंच घाला, जास्त नको. मी ते वाचलं आणि स्वयंपाकात मीठ घालतात तसं अंदाजाने घातलं. पहिल्या दिवशी स्वर्ग. रंग लोण्यासारखा, कड हवी तशी विरघळलेली, तळ्यातलं पाणी खरोखर पाण्यासारखं. आठवड्याने चित्राला बोट लावलं तर चिकट. पंधरा दिवसांनी चिकट. महिन्याने त्यावर वर्तमानपत्र टेकलं आणि उचललं तर आभाळात उलट्या अक्षरांची एक ओळ. वाचता आली असती, पण मी वाचली नाही. रिटार्डरला स्वतःला वाळायचं नसतं, तो फक्त कधीतरी निघून जातो, आणि जास्त असला तर जाता जात नाही. शिवाय त्यात ॲक्रिलिक नसल्यामुळे जितका तो घालावा तितकी रंग बांधून ठेवणारी चीज पातळ होत जाते. ते चित्र अजून माळ्यावर आहे. धूळ त्याला इतकी आवडली की आता त्याला स्वतःचं असं टेक्स्चर आलं आहे.

मुळातच सावकाश वाळतील असे बनवलेले ॲक्रिलिक मला त्यानंतर मिळाले. वरून काही घालायचं नाही, ट्यूबमधून आला तसाच वापरायचा. या रंगांची वंशावळ मला फार आवडते. चित्रकार उघड्यावर जायला लागले त्यात मोठा वाटा एका ट्यूबचा आहे. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या, पिळता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यायचे, टोचून काढायचे आणि भोक बुजवत बसायचे. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये लेनर्ड बोकूर आणि त्यांचे नातेवाईक सॅम गोल्डन यांनी चित्रकारांसाठी ॲक्रिलिक रंग काढला, पण तो टर्पेंटाइनमध्ये विरघळणारा. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक १९५० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आलं. सॅम गोल्डन यांनी निवृत्तीनंतर, १९८० मध्ये, पुन्हा रंगांची कंपनी काढली आणि त्याच कंपनीने २००८ मध्ये ‘ओपन’ नावाने सावकाश वाळणारे ॲक्रिलिक आणले. म्हणजे आधी सगळी खटपट रंग लवकर वाळावा म्हणून, आणि पन्नासेक वर्षांनी पुन्हा खटपट तो लवकर वाळू नये म्हणून. माणसाचं समाधान करणं कठीण.

नाव मात्र नेमकं आहे. चित्रकार रंग ‘उघडा’ आहे म्हणतात तेव्हा तो अजून हलवता येतो असा अर्थ असतो. आमच्यात आम्ही सरळ ‘अजून ओलं आहे’ म्हणतो, आणि ते बहुतेक वेळा चित्राला हात लावायला निघालेल्या कुणाला तरी ओरडून सांगायचं असतं.

हे रंग हाती आले त्या पहिल्या दिवशी मी परत त्याच तळ्यावर गेले. तेच झाड, तीच सावली, हिरवा लावला, फिकट बनवला, चांगली दहा मिनिटं घोळ घातला, आणि परत आले तर हिरवा माझी वाट बघत होता. कोरडा ब्रश कडेवरून आडवा, अगदी हलक्या हाताने, एकदाच फिरवला. हिरवा फिकटात शिरला आणि थांबला. ब्रशच्या केसांनी ओढलेल्या बारीक रेघा तशाच राहिल्या, पाण्यावरून वारा जाताना उठतात तशा. मी ब्रश खाली ठेवून नुसती बघत बसले. तिथेच उठून घरी जायला हवं होतं.

उठले नाही. रंग ओला होता ना! एवढे पैसे मोजून घेतलेला वेळ हातात होता. मग झाडाच्या खोडाची कड मऊ केली. ती मऊ झाली म्हणून काठाची कड तिला शोभेना, तीही मऊ केली. काठाचा तपकिरी पाण्यात उतरला, पाण्याचा हिरवा काठावर चढला, आभाळाच्या पट्ट्यात दोघांचाही थोडा थोडा अंश आला. तासाभराने कॅनव्हासवर एक गुळगुळीत, गोडसर, करडा लगदा होता. चिखल. चित्रकारांच्या भाषेतला आणि खऱ्या अर्थाचाही. जुन्या रंगाने मला इतकं बिघडवू दिलंच नसतं. तो पाच मिनिटांत वाळून म्हणाला असता, बाई, झालं ते झालं, आता पुढे बघ.

पुढचे कित्येक महिने माझी चित्रं याच वाटेने गेली. सुरुवातीला एक जिवंत कड, शेवटी लगदा. आधी मला वाटायचं की तंत्र कमी पडतंय. मग हळूहळू कळायला लागलं की मी प्रकाशासाठी वेळ विकत घेतला होता, आणि प्रकाशाला त्याचा पत्ताही नव्हता.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तासाभरात झाडाची सावली चांगली सरकलेली असते, सकाळी आणि संध्याकाळी तर डोळ्यांदेखत लांब-आखूड होते. प्येर-आन्री द व्हालॉन्सिएन या फ्रेंच निसर्गचित्रकाराने १८०० च्या सुमारास शिकणाऱ्यांना बजावून ठेवलं होतं की जागेवरचा अभ्यास फार तर दोन तासांत आटपा, आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा अर्ध्या तासात. तो तैलरंगात काम करायचा, त्याचा रंग दिवसभर ओलाच असायचा. तरीही दोन तास. जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये ढगांचे अभ्यास केले, तेही तैलरंगातच, आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठल्या दिशेचा हे लिहून ठेवलं. क्लोद मोनेने तर पॉप्लरच्या झाडांची मालिका १८९१ मध्ये रंगवताना एकेका प्रकाशासाठी वेगळा कॅनव्हास ठेवला होता. त्याची शेजारीण आणि चित्रकार लिला कॅबट पेरी हिने लिहून ठेवलं आहे की त्यातल्या एका चित्रातला परिणाम जेमतेम सात मिनिटं टिकायचा. ऊन एका ठराविक पानावरून सरकलं की तो कॅनव्हास बाजूला, दुसरा पुढे.

हे सात मिनिटांचं वाचलं तेव्हा मला माझा जुना, भराभर वाळणारा रंग आठवला. त्याचंही साधारण तेवढंच आयुष्य होतं. मी ज्याच्यावर इतकी चिडले होते तो प्रकाशाच्याच गतीने चालत होता. आणि ज्याच्याकडे दिवसभर ओला राहणारा रंग होता तो सात मिनिटांनी ब्रश खाली ठेवत होता.

मला हे कळायला हवं होतं त्यापेक्षा उशिरा कळलं. सावल्यांच्या मागे धावून मी एकाच चित्रात सकाळचे नऊ आणि अकरा असे दोन्ही वाजवलेले आहेत. झाडाची सावली डावीकडे, दगडाची जवळजवळ पायाशी. रंग ओला असल्यामुळेच ते शक्य झालं. वाळला असता तर नऊची सावली नऊलाच राहिली असती.

आता मी दोन्ही रंग नेते. आधी साध्या, झटपट ॲक्रिलिकने पातळ थरात मोठे मोठे आकार लावून घेते: गडद कुठे, उजळ कुठे, सावली या क्षणी कुठे आहे. तो वाळून जातो आणि मला तो वाळायलाच हवा असतो, कारण मग सावली हलवायचा मोह होत नाही. घड्याळ थांबवल्यासारखं होतं. त्यावर ज्या दोन-तीन ठिकाणी कड विरघळायला हवी, तेवढ्यापुरता सावकाश वाळणारा रंग. दोन्ही एकमेकांत मिसळतात. जितका साधा रंग जास्त तितका मिश्रणाचा वेळ कमी. काही बारकावे चुका करतच कळले. सावकाश वाळणाऱ्या रंगात पाणी फारसं घालू नये, पाणी भरपूर घातलेला पातळ थर उलट लवकर बसतो. कॅनव्हासचा पृष्ठभाग शोषणारा असेल तर तो खालून पाणी पिऊन टाकतो, त्यामुळे आधी साध्या माध्यमाचा, म्हणजे रंगद्रव्य नसलेल्या ॲक्रिलिकचा, एक थर देऊन तो बंद केलेला बरा. आणि थर पातळ ठेवावा. रंगाच्या बोथट सुरीने जाड लावलं तर वरून वाळल्यासारखं दिसतं, आतून कित्येक दिवस मऊ राहतं, आणि तोवर व्हार्निशचं नाव काढायचं नाही.

पॅलेट म्हणून एक चपटा, घट्ट झाकणाचा डबा नेते. साध्या ॲक्रिलिकसाठी त्यात खाली ओला स्पंज आणि वर कागद असायचा, खालून ओल येत राहायची. सावकाश वाळणाऱ्या रंगाला ते लागत नाही, उलट जास्तीच्या पाण्याने तो पसरट होतो. झाकण लावलं की पुरे. दुसऱ्या दिवशी डबा उघडला की कालचं आभाळ आणि कालचा चिखल दोन्ही तसेच्या तसे. घाण पाणी मी वेगळ्या बाटलीत भरून परत आणते. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिक. ज्या तळ्याचं चित्र काढलं त्याच तळ्यात ते ओतून यायचं हे काही बरोबर वाटत नाही.

ओलं चित्र घरी नेणं हा वेगळाच विषय आहे. साधं ॲक्रिलिक काखोटीला मारून नेता यायचं. हे तसं नाही. एकदा परतताना पावसाचे चार थेंब पडले, फक्त चार, आणि थेंब पडले तिथून रंग उचलला जाऊन खालचा पांढरा दिसायला लागला. आभाळाला देवी आल्यासारखं. आता कॅनव्हासच्या चारी कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे ठेवून त्यावर दुसरा कोरा कॅनव्हास उलटा बांधते. मध्ये बोटभर पोकळी राहते. किडे मात्र या पोकळीतही शिरतात. चिलटं, उडते मावे, एकदा एक पूर्ण वाढलेला कोळी, जो आभाळ अर्ध्यापर्यंत चालून गेला आणि तिथून परत फिरला. त्याची पावलं मी पुसली नाहीत, कारण इतकी बारीक रेघ मला काढता आली नसती.

याबाबतीत आपण एकटे नाही हा दिलासा आहे. व्हॅन गॉगच्या १८८९ च्या ऑलिव्हच्या झाडांच्या एका चित्रात २०१७ मध्ये एका चिमुकल्या नाकतोड्याचे अवशेष सापडले, रंगात रुतलेले. सव्वाशे वर्षं ते कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. मोनेने १८७० मध्ये समुद्रकिनाऱ्यावर बसून रंगवलेल्या एका चित्रात वाळूचे कण आणि शिंपल्यांचे बारीक तुकडे अडकलेले आहेत. वारा त्या दिवशी कसा होता हे कुठे लिहून ठेवायची गरजच नाही. चित्र ओलं असताना जे घडत होतं ते सगळं त्यात येऊन बसलं. माझ्या चित्रांत अजून काही वर्षांनी कुणी हातात चिमटा धरून तपासून पाहील याची शक्यता नाही, पण पाहिलंच तर चिलटांची जनगणना करता येईल.

गेल्या खेपेला तळ्याशी एक मुलगा आला. आठ-नऊ वर्षांचा. मागे उभा राहून बराच वेळ बघत होता. उघड्यावर चित्र काढायचं तर हे प्रेक्षक गृहीत धरायचेच. मोठी माणसं विचारतात विकता का, मुलं विचारतात हे असं का.

“मावशी, पाणी तर पांढरं असतं.”

“मग तिथे कसं दिसतंय बघ.”

त्याने बघितलं. “हिरवं. पण ते झाडाचं आहे, पाण्याचं नाही.”

मला उत्तर सुचलं नाही. कितीतरी वर्षं मी ज्या कडेच्या मागे होते ती नेमकी हीच होती, झाडाचं हिरवं कुठे संपतं आणि पाण्याचं कुठे सुरू होतं. तो पुढे आला, आणि मी काही म्हणायच्या आत त्याने बोट लावलं. नेमकं तिथेच, सावलीच्या काठावर.

“अरे, ओलं आहे!”

त्याने बोट मागे घेतलं, त्यावरचा हिरवा बघितला, आणि सगळी मुलं करतात तसं केलं, चड्डीला पुसलं. मग घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला सांगितलं की घरी गेल्या गेल्या साबण लावून धू, अजून निघेल, उद्यापर्यंत ठेवलं तर मग निघणार नाही. तो पळाला.

चित्रात त्याच्या बोटाचा ठसा उमटला होता. हिरवा बाजूला सरकून त्याखालचा, सकाळीच वाळून गेलेला आभाळाचा फिकट थर दिसत होता. ठशाच्या कडेला हिरव्याची एक बारीक उंच धार उभी राहिली होती आणि आत बोटावरच्या रेषा, गोल गोल, एकात एक. पाण्यात काहीतरी पडल्यावर उठतात तशाच, पण मला ते लगेच दिसलं नाही. आधी मी ब्रश उचलला. कोरडा ब्रश, हलका हात, एकदा फिरवला की सपाट झालं असतं. रंग उघडा होता, वेळ भरपूर होता, वारा पडला होता.

ब्रश मी कडेपाशी नेला आणि तसाच धरून बसले. ऊन झाडाच्या मागे गेलं होतं, सावली आता त्या जागी नव्हतीच. पलीकडच्या काठावर तो मुलगा वाकून चड्डीवर पाणी मारत होता.

बुचाचे तुकडे चारी कोपऱ्यांवर ठेवले, कोरा कॅनव्हास उलटा घातला, दोरी बांधली.

परवा सकाळी सोडून पाहिलं. बाकीचं सगळं वाळलं होतं. ठशाची ती उंच धार करंगळीने दाबून बघितली तर अजून मऊ लागली.